जंतरपट्टी : एका अनोळखी हत्याराची ओळख

जुन्या घराची वाटणी झाली किंवा नवे बांधकाम निघाले, की माळ्यावरची आणि कोनाड्यातली अडगळ अंगणात येते. त्या अडगळीत पुष्कळदा एखादी लाकडी पेटी असते. पेटीत गंजलेल्या कानशी, लहानमोठे हातोडे, चिमटे, पोगर आणि मोडकी कात्री असते. आणि तळाशी एक पोलादी पट्टी सापडते. वीतभर लांब, दोन-तीन बोटे रुंद आणि हातात घेतली तर आकाराच्या मानाने बरीच जड. तिच्यावर ओळीने छिद्रे पाडलेली असतात. एका टोकाची छिद्रे हरभऱ्याचा दाणा अडकेल एवढी, तर दुसऱ्या टोकाची सुईसुद्धा कष्टाने जाईल इतकी बारीक.

ही वस्तू कशाची, यावर घरात तर्क सुरू होतात. कोणी तिला शेवया पाडण्याची चकती म्हणतो, कोणी दाराची पट्टी, तर कोणी चाळणी. खात्रीने सांगणारा कोणीच नसतो. अखेर भंगारवाल्याचा काटा लागतो आणि पट्टी लोखंडाच्या भावाने निघून जाते. तिच्याबरोबर पेटी जाते आणि त्या घराण्याने दोन-तीन पिढ्या केलेल्या धंद्याचा शेवटचा पुरावाही जातो.

ही पट्टी म्हणजे सोनाराचे जंतर, अर्थात धातूची तार ओढण्याचे हत्यार. ते ओळखता येणे अवघड नाही. त्यासाठी धातुशास्त्राच्या पदवीची गरज नसून सावकाश पाहण्याची, वस्तू जशीच्या तशी ठेवण्याची आणि योग्य माणसास विचारण्याची सवय लागते. अनोळखी जुने हत्यार हाती आले असता काय पाहावे, हे या एका उदाहरणावरून समजून घेता येईल. तीच रीत तांबट, कासार, लोहार आणि शिकलगार यांच्या हत्यारांनाही लागू पडते.

प्रथम स्वच्छता नको

जुनी वस्तू सापडली की ती घासूनपुसून लखलखीत करावी, असे कोणासही वाटते. तारेचा ब्रश, पॉलिश कागद किंवा आम्ल यांचा उपयोग केला जातो. वस्तू चमकते खरी. पण तिची ओळख पटविणाऱ्या खुणा त्याच वेळी नाहीशा होतात. हत्याराच्या ज्या भागाला हात लागला तो गुळगुळीत होतो, ज्या भागाने काम केले तो झिजतो आणि ज्या भागावर घाव पडले तो चेपतो. कामाचे स्वरूप या झिजेवरूनच कळते. छिद्रांत साचलेल्या काळपट मेणात तांब्याचे वा चांदीचे कण अडकलेले असू शकतात आणि त्या हत्याराने कोणता धातू ओढला गेला, याची साक्ष ते देतात. म्हणून मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, इतकेच पुरे. वस्तू नीट पाहून व नोंदवून झाल्यावर गंज वाढू नये म्हणून वरच्या पृष्ठभागावर तेलाचा पातळ हात फिरवावा. छिद्रांत मात्र काही घालू नये.

दुसरी दक्षता पेटीविषयी घ्यावयाची असते. एकत्र सापडलेली हत्यारे एकत्रच ठेवावीत. पट्टी एकटी पाहिली तर ती कोडे वाटते. परंतु तिच्याबरोबर फुंकणी, मूस, टाकणखाराची डबी, लहान ऐरण आणि कसोटीचा दगड असेल तर सोनाराचे घर लगेच डोळ्यांसमोर येते. स्वीडन देशाच्या गोटलँड बेटावर १९३६ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या दलदलीच्या जमिनीत ओक लाकडाची पेटी लागली. तिच्यात आणि तिच्या आसपास दोनशेहून अधिक वस्तू मिळाल्या. त्यांत लोहारकामाची आणि सुतारकामाची हत्यारे होती. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा कारागीर कोणकोणती कामे करीत असे, हे त्या पेटीवरून समजले, कारण ती हत्यारे एकत्र राहिली. तीच निरनिराळ्या घरांत वाटली गेली असती, तर प्रत्येक हत्यार पुन्हा एक कोडेच ठरले असते.

पट्टी काय सांगते?

आता पट्टीकडे वळावयाचे. पाहण्यासाठी उन्हाचा तिरपा प्रकाश आणि एक साधे भिंग पुरेसे आहे.

पहिली खूण छिद्रांच्या क्रमाची. जंतराची छिद्रे मोठ्याकडून लहानाकडे अगदी थोड्या थोड्या फरकाने उतरत जातात. शेजारच्या दोन छिद्रांतील फरक डोळ्यांना जाणवतही नाही. पण पहिले आणि शेवटचे छिद्र शेजारी कल्पिले तर तो ठळक दिसतो. काही पट्ट्यांवर छिद्रांशेजारी आकडे किंवा ठिपके उमटविलेले असतात.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची खूण दोन बाजूंच्या फरकाची. पट्टी उलटवून पाहिली तर तेच छिद्र एका बाजूस रुंद आणि दुसऱ्या बाजूस अरुंद दिसते. आतला आकार नरसाळ्यासारखा असतो. रुंद तोंडातून तार आत शिरते आणि अरुंद तोंडातून बाहेर पडते. चाळणीला किंवा दाराच्या पट्टीला असे नरसाळे पाडण्याचे काहीच कारण नसते. छिद्राचा आतला भाग प्रकाशात धरला असता आरशासारखा गुळगुळीत दिसला, तर त्यातून पुष्कळ तार ओढली गेली आहे असे समजावे.

तिसरी खूण घावांची. वापराने छिद्र हळूहळू मोठे होते आणि त्यातून ठरल्यापेक्षा जाड तार निघू लागते. अशा वेळी कारागीर पट्टी फेकून देत नसे. अरुंद तोंडाच्या बाजूने छिद्राभोवती हातोडीचे बेताचे घाव घालून तो ते आवळून घेई आणि मग निमुळत्या पोगराने पुन्हा हव्या त्या मापाचे करी. त्यामुळे जुन्या जंतराच्या एका अंगास छिद्रांभोवती बारीक चेपल्याच्या खुणा दिसतात. अनेकदा दुरुस्त झालेली पट्टी ओबडधोबड दिसते आणि तिला कोणी बिघडलेली मानतो. वास्तविक ते दीर्घ वापराचे आणि काटकसरीचे चिन्ह होय.

चौथी खूण टोकांची. तार ओढताना पट्टी दोन घट्ट खुंट्यांना अडवून किंवा पकडीत आवळून धरावी लागते. तेथे पट्टीच्या दोन्ही टोकांना दाबाचे वण पडतात. मधल्या भागावर मात्र असे वण नसतात.

पाचवी खूण छिद्राच्या आकाराची. बहुतेक छिद्रे गोल असतात. परंतु चौकोनी, त्रिकोणी किंवा अर्धगोल छिद्रांच्या पट्ट्याही असतात. अंगठीचे वळे किंवा दागिन्याची किनार करण्यासाठी अशी तार लागते. छिद्र फार बारीक असल्यास पट्टीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी. छिद्रांचा आकार आणि क्रम कागदावर जशाच्या तशा उमटतो आणि तोच पुढे नोंदीस जोडता येतो.

सारख्या दिसणाऱ्या वस्तू

छिद्रे असलेली प्रत्येक पट्टी जंतर नसते. ओळख पटविण्यात चूक होते ती बहुधा येथेच. म्हणून सारख्या दिसणाऱ्या काही वस्तू वेगळ्या काढणे आवश्यक आहे.

शेवयांच्या साच्याची चकती बहुधा गोल आणि पातळ असते आणि तिची सर्व छिद्रे एकाच मापाची असतात. शेवई सर्वत्र सारख्याच जाडीची हवी असल्याने छिद्रांचा उतरता क्रम तेथे निरुपयोगी ठरतो.

आटे पाडण्याची पट्टी जंतराच्या सर्वांत जवळची. तिलाही लहानमोठी छिद्रे असतात. परंतु भिंगातून पाहिल्यास छिद्राच्या आत फिरत जाणारे आटे दिसतात. लोखंडी सळई तिच्यात पिळून घातली की सळईवर स्क्रूचे आटे पडतात. पिळण्यासाठी अशा पट्टीला बहुधा एक मूठ किंवा दांडा असतो. जंतराच्या छिद्रात आटे कधीच नसतात. असले तर ते जंतर नव्हे.

खिळे घडविण्याची पट्टी लोहाराची. हाताने घडविलेला जुना खिळा चौकोनी असे, म्हणून तिचे छिद्रही चौकोनी असते. तापलेल्या सळईचे टोक त्यात घालून वर उरलेल्या भागावर घाव घातला की खिळ्याचे डोके तयार होते. अशा पट्टीला एक किंवा मोजकीच छिद्रे असतात, ती मोठी असतात आणि छिद्राभोवतीचा भाग पुष्कळदा उंचवट्यासारखा असतो. येथेही छिद्र एका बाजूस अरुंद असते. त्यामुळे केवळ नरसाळ्याच्या खुणेवर विसंबून निर्णय घेऊ नये. सर्व खुणा एकत्र जुळाव्या लागतात.

तारेची जाडी मोजण्याची चकती, म्हणजेच गेज, ही चौथी वस्तू. तिच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या आत एक गोल छिद्र असते. माप खाचेवर घ्यावयाचे असते, गोल छिद्रावर नव्हे. प्रत्येक खाचेशेजारी क्रमांक असतो. ब्रिटनमध्ये तारेच्या जाडीचे प्रमाणित क्रमांक १८८४ पासून कायदेशीर मानले गेले. आपल्याकडील वीजतंत्रीही तारेचा गेज क्रमांक सांगतात. क्रमांक जितका मोठा, तितकी तार बारीक, ही गोष्ट नवख्याला उलटी वाटते. त्याचे मूळ जंतरातच आहे. तार जितक्या अधिक वेळा छिद्रांतून ओढावी तितकी ती बारीक होत जाते आणि ओढण्याच्या संख्येवरूनच क्रमांकांची ही पद्धत पडली.

लोहाराचा छिद्रांचा जाड ठोकळा ही पाचवी वस्तू. त्याची छिद्रे मोठी आणि आरपार सरळ असतात. तापलेल्या लोखंडात भोक पाडताना खाली आधार म्हणून तो ठेवतात. तो पट्टीपेक्षा फार जाड असल्याने सहज ओळखू येतो.

जंतराचे काम कसे चाले?

हत्याराचे काम कळले म्हणजे त्याचा प्रत्येक भाग तसा का आहे, हे आपोआप उलगडते. सोनार प्रथम सोने वा चांदी मुशीत वितळवून त्याची लांबट कांब ओती. ती ऐरणीवर ठोकून शक्य तितकी बारीक आणि गोल करी. मग एक टोक कानशीने निमुळते करून ते जंतराच्या मोठ्या छिद्रात घाली. पलीकडे निघालेले टोक खाचेदार तोंडाच्या सांडशीने घट्ट धरून तार एका दमात, मधे न थांबता ओढून घेई. थांबल्यास तारेवर त्या जागी वण पडण्याचा संभव असे. घर्षण कमी व्हावे म्हणून तारेला मेण किंवा तेल लावीत. मग त्याहून लहान छिद्र, नंतर त्याहूनही लहान, असा क्रम चाले.

काही वेळा ओढून झाल्यावर तार कडक होते. धातूचे कण ताणले गेल्याने ती ठिसूळ बनते आणि पुढे ओढली तर तुटते. अशा वेळी तिचे वेटोळे करून ते निखाऱ्यावर तापवितात. तापवून मऊ केलेली तार पुन्हा ओढता येते. किती छिद्रांनंतर तापवावयाचे हे हाताला येणाऱ्या ताणावरून कारागीर ठरवी. ते ज्ञान कोठे लिहिलेले नसे.

येथे एक साधे गणित लक्षात घेण्याजोगे आहे आणि शिक्षकांना ते वर्गात उपयोगी पडेल. ओढताना धातू कमी होत नाही, फक्त जाडी कमी होऊन लांबी वाढते. दोन मिलिमीटर जाडीची एक मीटर तार ओढून एक मिलिमीटर जाडीची केली, तर ती दोन मीटर न होता चार मीटर होते. कारण तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, शुद्ध सोन्याची अर्धा मिलिमीटर जाडीची तार केली तर ती सुमारे तीन मीटर भरते. जाडी पाव मिलिमीटर केली तर तेच सोने सुमारे बारा मीटर लांब होते. नथीच्या मोत्यांतून जाणारी तार, साखळीच्या कड्या आणि पैठणीच्या जरीची तार, या सर्वांच्या मुळाशी हेच गणित आहे. जरीसाठी तार ओढणाऱ्या कारागिरास तारकस म्हणत.

जंतराने ओढलेली तार ओळखण्याचीही खूण आहे. भिंगातून पाहिले असता तारेच्या लांबीस समांतर अशा अतिशय बारीक रेषा दिसतात. छिद्रातील सूक्ष्म ओरखडे त्या उमटवितात. त्याहून प्राचीन काळी सोन्याची पातळ पट्टी पिळून तार करीत आणि अशा तारेवर मळसूत्रासारखी फिरत जाणारी रेषा दिसते. जुन्या दागिन्याचा काळ ठरविताना अभ्यासक या भेदाचा आधार घेतात.

जुने हत्यार, नवा काळ

जंतर ही केवळ एका देशाची वस्तू नाही. बाराव्या शतकाच्या प्रारंभी थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या युरोपातील एका भिक्षूने धातुकाम, काच आणि रंग यांवर लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिला. त्यात तार ओढण्याच्या छिद्रयुक्त पट्ट्यांचे वर्णन आहे. ते वाचताना आपल्या सोनाराच्या पेटीतील पट्टीच डोळ्यांसमोर येते. त्यानंतरच्या शतकांत हत्याराचे तत्त्व बदलले नाही.

विसाव्या शतकात मात्र साहित्य बदलले. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची अतिसूक्ष्म तार ओढण्यासाठी हिऱ्यात पाडलेली छिद्रे वापरावी लागत आणि ती फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना जर्मनीत ऑस्राम कंपनीच्या प्रयोगशाळेत टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांचा अतिकठीण मिश्र पदार्थ तयार झाला आणि १९२३ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. आज कारखान्यांतील तार अशा कठीण छिद्रांतून यंत्राने ओढली जाते. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या ठिकाणीही यंत्रे आली आहेत. सोनारास हवी त्या मापाची तयार तार मिळू लागली आणि जंतर पेटीच्या तळाशी गेले. यंत्राने काम सोपे झाले, यात खेद मानण्याचे कारण नाही. खेद आहे तो हाताने काम करणारा माणूस आणि त्याचे हत्यार यांची कोठेच नोंद न होता दोन्ही नाहीशी होतात, याचा.

हत्याराची साक्ष आणि माणसाची साक्ष

झिजेवरून हत्याराचे काम कळते, पण त्याचे नाव कळत नाही. नाव फक्त माणूस सांगू शकतो. जंतर हा शब्दच पाहावा. तो संस्कृत यंत्र या शब्दापासून आला आहे. जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेच्या नावात तोच आहे आणि गळ्यात बांधण्याच्या ताईतालाही जंतर म्हणतात. घरातील वृद्ध आजी “हे जंतर होय” असे म्हणाली, तर ऐकणाऱ्या नातवाला ताईत वाटावा हे स्वाभाविक आहे. शब्द कानावर पडूनही अर्थ निसटतो तो असा. शिवाय एकाच हत्याराची नावे जिल्ह्याजिल्ह्यांत आणि धंद्याधंद्यांत बदलतात. म्हणून ऐकलेले नाव शुद्ध करण्याच्या भरीस न पडता ते जसे उच्चारले तसेच लिहून ठेवावे.

माणूस आणि हत्यार यांची एकत्र नोंद किती मोलाची ठरते, याचे एक उदाहरण जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात आहे. कोनराड मेंडेल या व्यापाऱ्याने १३८८ मध्ये तेथे बारा वृद्ध आणि निराधार कारागिरांसाठी एक आश्रयगृह स्थापन केले. १४२५ च्या सुमारास त्या गृहाच्या वहीत प्रत्येक रहिवाशाचे चित्र काढण्याची प्रथा सुरू झाली. चित्रात तो कारागीर आपला धंदा करताना, हातात हत्यार घेऊन दाखविलेला असे. त्यात तार ओढणारा कारागीर आहे आणि त्याची पट्टीही आहे. ही चित्रे काढणाऱ्यांना पुढील पिढ्यांसाठी संशोधन करावयाचे नव्हते. आपल्या आश्रयास आलेल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण ठेवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. आज मध्ययुगीन हत्यारे ओळखताना अभ्यासक त्याच वहीकडे वळतात.

आपल्याकडेही अशी साधने अगदीच नाहीत असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कारागिरांची आणि त्यांच्या हत्यारांची वर्णने आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ मधील ग्रंथात खेड्यातील कारूनारूंची व्यवस्था वर्णिली आहे. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात धंद्यांतील पुष्कळ शब्द सापडतात. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर फिरून जमविलेले अडकित्ते, दिवे, दौती आणि कुलपे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. नित्याच्या वापरातील वस्तूंनाही इतिहास असतो, हे त्या संग्रहाने दाखवून दिले. मात्र ग्रंथ आणि संग्रहालय यांच्यापर्यंत न पोहोचलेली हत्यारे अजून गावोगावी आहेत आणि ती चालविलेले हातही काही ठिकाणी आहेत.

अशा वृद्ध कारागिराकडे जाताना “हे काय आहे?” एवढाच प्रश्न नेऊ नये. वस्तू त्याच्या हातात द्यावी आणि तो ती कशी धरतो ते पाहावे. बसण्याची पद्धत, कोणत्या हाताने काय धरावयाचे, सोबत कोणते हत्यार लागे, ते कोणाकडून घडवून घेत, मोडल्यास काय करीत, कोणत्या सणाला त्याची पूजा होई, हे क्रमाने विचारावे. बोलण्यापेक्षा हाताची हालचाल पुष्कळदा अधिक सांगते. म्हणून त्याची संमती घेऊन हत्यार हातात असतानाचे छायाचित्र घ्यावे.

गावात काय करता येईल?

हे काम खर्चाचे नाही. शाळेतील एक वही, एक मोजपट्टी आणि साध्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा एवढ्यावर ते होऊ शकते. प्रत्येक वस्तूस एक क्रमांक द्यावा. लांबी, रुंदी, जाडी आणि वजन लिहावे. दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावे. ती कोठे व कशाबरोबर सापडली, ती कोणाची, स्थानिक नाव काय आणि ते कोणी सांगितले, याची नोंद करावी. ज्याबद्दल खात्री नाही तेथे तर्क लिहिण्याऐवजी जागा कोरी सोडावी. चुकीचे नाव एकदा वहीत चढले की ते पुढे खरे म्हणून चालू लागते. वस्तू मालकाकडेच राहिली तरी हरकत नाही. नोंद गावाकडे राहावी.

या कामासाठी ग्रामपंचायतींना एक चालून आलेली संधीही आहे. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सोनार, लोहार, कुलूप बनविणारे, हातोडा व अवजारे बनविणारे इत्यादी १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. नवीन अवजारांसाठी कारागिरास १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तीत तरतूद आहे. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. म्हणजेच गावातील कारागीर कोण, हे पंचायतीस या निमित्ताने कळते. नवीन अवजारे घरात येतात तीच जुनी बाहेर पडण्याची वेळ असते. त्याच भेटीत जुन्या पेटीची नोंद करून घेतली, तर वेगळी मोहीम काढण्याची गरज राहणार नाही.

कायद्याच्या दोन गोष्टीही पंचायत सदस्यांना माहीत असाव्यात. पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ अन्वये गतकाळातील कला आणि कारागिरी दर्शविणारी, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. तसेच वस्तू घरात न सापडता जमिनीत पुरलेली सापडली आणि तिचे मूल्य दहा रुपयांपेक्षा अधिक असेल, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावयाचे असते. पाया खोदताना किंवा तळ्यातील गाळ काढताना हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

शाळेत एखाद्या शनिवारी विद्यार्थ्यांना घरातील एक जुने हत्यार आणावयास सांगावे आणि त्याविषयी आजोबा-आजींना विचारून चार ओळी लिहून घ्याव्यात. विज्ञानाचा तास, गणिताचा तास आणि भाषेचा तास यांची त्यात सहज सांगड बसते. भोकांच्या पट्टीतून तार चौपट लांब होते हे मुलाने स्वतः मोजून पाहिले, तर ती पट्टी त्याला पुन्हा कधीही अडगळ वाटणार नाही.

लोखंड भंगारात गेले तर वितळून पुन्हा लोखंड होते. छिद्राभोवतीचे घाव आणि ते का घातले हे सांगणारा माणूस मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून पेटी काट्यावर चढण्यापूर्वी एकदा ती उघडून पाहावी, आणि तिच्यातील हत्यार गावातील सर्वांत वृद्ध कारागिराच्या हाती देऊन त्यास बोलते करावे.